सनद मिळायच्या आधी

नगर जिल्ह्यात आपल्या घरातलं कुणी एलएलबीला गेलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं मोठ्याने, पेढे वाटताना: "चला, घरात एक वकील झाला." दुसरं हळू आवाजात, जवळच्या माणसाशी: "आता आपल्याला कुणी त्रास देणार नाही." पहिल्या वाक्यात अभिमान आहे, दुसऱ्यात भीती. दोन्ही समजण्यासारखी आहेत. पण तिसरं एक वाक्य मला अजून कुणाच्या तोंडून ऐकू आलेलं नाही: "पोरगी कायदा शिकतेय, मग आजपासून मोहल्ल्याला तिचा काय उपयोग?"

या वेळचं संपादकीय त्या तिसऱ्या वाक्याबद्दल आहे. ते मी लिहितेय ते कायदा शिकणाऱ्या, शिकू पाहणाऱ्या आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी. कुणी नगरच्या न्यू लॉ कॉलेजात असेल, कुणी पुण्याला किंवा संभाजीनगरला. सनद मिळाली, काळा कोट अंगावर चढला, कुणा सिनियरकडे चार वर्षं काढली की मग समाजाचं बघू, असं बहुतेकांना वाटतं. मला वाटतं, हा हिशेब चुकीचा आहे. आपल्या लोकांना जी मदत सगळ्यात जास्त लागते, ती वकिलाच्या दारात पोहोचण्याच्या आधी लागते. आणि ती देणारं माणूस आज कुठेच नाही.

कागद नावाचं दुखणं

माझ्या फोनवर लोकांचे जे निरोप येतात, त्यातले फारच थोडे कोर्टकचेरीचे असतात. बाकी सगळे कागदाचे. "आपा, जरा ये कागज देख लो." आधारवर नाव 'शेख सलीम बाबूलाल', शाळेच्या दाखल्यावर 'सलीम बाबू शेख', रेशनकार्डावर 'सलीमभाई'. आईचं नाव एका ठिकाणी 'सलमाबी', दुसऱ्या ठिकाणी 'सलमा बेगम'. इंग्रजीत 'शेख' लिहिण्याच्या तीन-चार तऱ्हा, आणि एकाच घरातल्या चार भावंडांच्या कागदांवर त्या सगळ्या सापडतात. त्यात आता जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हापासून लोक विचारतात की अहमदनगर छापलेला जुना दाखला चालेल का. जिल्ह्याचं नाव बदलल्याने जुना कागद रद्द होत नाही. हे सांगायला वकील लागत नाही. पण सांगायला कुणीतरी लागतंच, आणि ते कुणीतरी नसलं की एजंट असतो. एजंट फुकट सांगत नाही आणि खरंही सांगत नाही.

ही कुरकुर वाटेल, पण तिच्यामागे मोठी गोष्ट आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादी आणि पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो. दुसरीकडे, जन्माला वर्ष उलटून गेल्यावर करायच्या उशिराच्या नोंदींवरून महाराष्ट्रात २०२५च्या सुरुवातीला मोठं राजकारण झालं आणि मार्च २०२५ मध्ये शासनाने त्यांची कार्यपद्धती कडक केली. म्हणजे एकीकडे दाखल्याचं वजन वाढलं, दुसरीकडे राहिलेला दाखला मिळवणं अवघड झालं. यात अडकतो तो वीटभट्टीवरचा, ऊसतोडीचा, भंगाराच्या गाड्याचा माणूस. त्याची मुलं दवाखान्यात नाही, घरी जन्मलेली असतात.

आता यात कायद्याच्या विद्यार्थ्याचं काम काय? जुनी नोंद कुठे सापडू शकते, हे त्याला माहीत असू शकतं. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा मिळतो. तो शोधायला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज कसा करायचा, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात कसा मागायचा, हे त्याने शिकलेलं असतं, निदान शिकायला हवं. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मणियार अशा जातींच्या मुलांना ओबीसीचं प्रमाणपत्र पडताळायचं तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आणि आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं निघतं. मग पणजोबांच्या, चुलत आजोबांच्या नोंदी शोधाव्या लागतात. हे काम हुशारीचं कमी आणि चिकाटीचं जास्त आहे. विसाव्या वर्षी माणसाकडे वेळ असतो आणि पाय असतात. वकिलाकडे दोन्ही नसतात.

माहिती अधिकार तर आपल्या जिल्ह्याच्या मातीतला आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी लावून धरलेल्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात या कायद्याला बळ मिळालं, आणि २००५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फीसुद्धा नाही. त्याच्या जोडीला २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे: ठरलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं. ज्या जिल्ह्याने देशाला हे शस्त्र मिळवून द्यायला हात लावला, त्याच जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांत ते वापरणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

हक्क आधीच लिहून ठेवलेला आहे

फुकट कायदेशीर मदत ही कुणाची मेहेरबानी नाही. १९७६ साली संविधानात ३९-अ हे कलम आलं. त्यावर १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. म्हणून ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन पाळतात. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती आहे, आणि १५१०० हा फुकट फोन नंबर आहे.

या कायद्याचं बारावं कलम प्रत्येक विद्यार्थ्याने तोंडपाठ करावं. स्त्री असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, अपंग असेल, कारखान्यातला कामगार असेल किंवा कोठडीत असेल, तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हे वाक्य पुन्हा वाचा: कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता. गेल्या काही वर्षांत मी ज्या बायकांशी बोलले, त्यांतल्या कितीजणींना हे माहीत होतं? जवळजवळ कुणालाच नाही. "वकिलाला पैसे कुठून आणू" हे कारण देऊन त्यांनी वर्षं काढली होती.

आणि विद्यार्थ्यांची जागाही याच कायद्यात आहे. विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रं चालावीत, असं चौथं कलम सांगतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे विधी स्वयंसेवक, ही योजना आणली. कायद्याचे विद्यार्थी त्यात येऊ शकतात. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे इंटर्नशिप करावीच लागते, आणि सामाजिक संस्थेतलं कामही त्यात धरतात. "पहले पढ़ाई पूरी करो" असं म्हणणाऱ्या अब्बांना हे शांतपणे दाखवा. हे काम पढ़ाईच्या आड येत नाही, तो पढ़ाईचाच भाग आहे.

अटकेच्या रात्री

२९ सप्टेंबर २०२५ ला आपल्या शहरात काय झालं, ते सगळ्यांना आठवतं. रस्त्यावर काढलेल्या एका रांगोळीवरून लोक संतापले, कोठल्याजवळ रास्ता रोको झाला, लाठीमार झाला आणि तीसच्या आसपास लोकांना ताब्यात घेतलं. चूक कुणाची यावर त्या रात्री मोबाइलवर शेकडो जण बोलत होते. पण ज्या घरातलं पोरगं आलं नव्हतं, त्या घरातल्या आईचा प्रश्न वेगळा होता: तो कुठे आहे, आणि आता काय करायचं?

अशा वेळी घोषणा देणारे शंभर असतात, यादी करणारा एक नसतो. कायदा शिकणारं माणूस यादी करू शकतं. कुणाला, किती वाजता, कुठून नेलं. वय किती. अठराच्या आतला असेल तर शाळेचा दाखला आत्ता, या क्षणी शोधून द्या, कारण बाल न्याय कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, आणि वय ठरवताना पहिला मान शाळेच्या किंवा बोर्डाच्या दाखल्याला आहे. कुणी औषध घेत असेल तर चिठ्ठी द्या. संविधानाच्या २२व्या कलमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, म्हणून अटकेची वेळ लिहून ठेवा. ६ नोव्हेंबर २०२५ ला, मुंबईतल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, आणि ती रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात पडायला हवीत. मराठीतून लिहून मागण्याचा हक्क आहे. पण मागायचं कुणी? रिमांडला उभा राहणारा वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. पण त्याला त्या पोराचं नाव आणि घरचा फोन नंबर कोण देणार?

याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट आठवा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्या काही स्थानिक लोकांवर नगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले. टीव्हीवर त्या वेळी काय चाललं होतं, ते सांगायला नको. २१ ऑगस्ट २०२० ला औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली. आपण निकालातले ते कडक शब्द लक्षात ठेवले, ते फॉरवर्ड केले. पण निकाल शब्दांवर उभा नव्हता. व्हिसा होता का, कोण कधी आलं, विमानतळावर तपासणी झाली का, अशा तारखा आणि कागद त्याच्या पायाशी होते. जिंकतो तो कागद. आणि तो कागद गरम डोक्याच्या दिवसांत थंड डोक्याने कुणीतरी जपून ठेवलेला असतो.

घरातला खटला

इथपर्यंत वाचताना बहुतेक वाचक माना डोलवत असतील. पोलिसांशी, तहसीलदाराशी, एजंटाशी भांडणाऱ्या विद्यार्थ्याचं आपण कौतुकच करतो. आता अवघड भागाकडे येते.

कायदा शिकणारी एक मुलगी मला सांगत होती. तिच्या गल्लीतल्या एका बाईला नवऱ्याने माहेरी पाठवलं, चिठ्ठीवर तलाक लिहून पाठवला, दोन मुलांसह. मुलीने त्या बाईला पोटगीचा अर्ज म्हणजे काय ते समजावलं, तालुका समितीकडे नेलं. आठवड्याच्या आत त्या मुलीच्या वडिलांना चार फोन आले. "भाई, बेटी को समझाओ. घर की बात है." याच मुलीने महिनाभरापूर्वी एका पोराच्या जामिनासाठी कागद गोळा केले होते, तेव्हा त्याच लोकांनी तिला मिठाई दिली होती.

हा खरा प्रश्न आहे. जो अन्याय बाहेरून येतो, त्याच्याविरुद्ध उभं राहिलं की आपण समाजसेवक. जो आपल्या उंबऱ्याच्या आत होतो, त्याच्याविरुद्ध उभं राहिलं की घरभेदी. पण कायद्याच्या पुस्तकात असे दोन विभाग नाहीत.

त्या मुलीच्या हातात काय होतं, ते बघा. आपला जिल्हा ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या अखत्यारीत येतो, त्याच खंडपीठाच्या पूर्णपीठाने २००२ साली दगडू पठाण प्रकरणात सांगितलं होतं की 'मी तलाक दिला' एवढं म्हणून किंवा लिहून भागत नाही. कारण काय होतं, समेटाचा प्रयत्न झाला का, हे नवऱ्याला कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्याच्या आदल्या वर्षी दानियल लतीफी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की इद्दतीच्या काळात घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज करणं नवऱ्यावर बंधनकारक आहे. २०१७ मध्ये एका दमातला तिहेरी तलाक अवैध ठरला, आणि १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितलं की फौजदारी प्रक्रियेतली पोटगी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही आहे. जुन्या संहितेतलं १२५ कलम आता नव्या संहितेत १४४ आहे. नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, असं तेच कलम म्हणतं. मारहाण असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे.

म्हणजे कायदा आहे, निकाल आहेत, फुकट वकीलही आहे. नव्हतं फक्त कुणीतरी जे हे सगळं त्या बाईच्या घरी, चहा पिताना, तिच्या भाषेत सांगेल. हे काम मुलीच करू शकतात. रात्री आठ वाजता त्या बाईच्या स्वयंपाकघरात कुठला वकीलसाहेब जाणार?

तसाच दुसरा विषय वाटणीचा. बहिणीचा हिस्सा शरियतने दिला आहे, हे जुम्म्याच्या बयानात आपण अभिमानाने ऐकतो. आणि वडील गेल्यावर चाळिसाव्याच्या आत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. सही करण्याआधी तो कागद वाचून दाखवणं, 'यावर सही केली की काय होईल' एवढं सांगणं, हेसुद्धा स्वयंसेवकाचं काम आहे. तेच वक्फचं. जून २०२५ मध्ये वक्फच्या नोंदीचं उमीद पोर्टल सुरू झालं. १५ सप्टेंबरच्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्यातल्या काही तरतुदी रोखल्या, पण नोंदणी रोखली नाही. गावोगावच्या मशिदी, दर्गे, कब्रस्तानांचे सातबारे, मालमत्ता पत्रकं, जुनी गॅझेट शोधून स्कॅन करायला पोरं लागतात. ती मदत जरूर करा. पण कागद चाळताना वक्फच्या दुकानाचं भाडं कुठे जातं, हा प्रश्न सुचला तर तोही विचारा. मुतवल्लींना मदत करायची म्हणजे त्यांचा हिशेब झाकायचा नाही.

जिल्हा सगळ्यांचा

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा हा आहे. अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुके. इथे फक्त आपल्याच माणसाला कागद कळत नाहीत, असं नाही. अकोल्याचा आदिवासी, पाथर्डीचा ऊसतोड मजूर, आणि दलित वस्ती. २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले. साक्षीदार टिकायला कायद्याचं ज्ञान पुरत नाही, त्याच्या पाठीशी गावातलं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी मुसलमान पोरगा का असू नये?

उलटही बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत, असा ठराव झाला. ज्या कानिफनाथांना पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान शाह रमजान म्हणून मानत आले, त्यांच्या यात्रेत. गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव अवैध ठरवला. त्या आठवड्यात मला सुचलं ते हे की आपल्यातल्या किती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ग्रामपंचायत अधिनियम उघडून पाहिला असेल? ग्रामसभेची नोटीस किती दिवस आधी लागते, गणपूर्ती किती, ठरावाची नक्कल कशी मागायची? बांगड्यांचं दुकान लावणाऱ्या माणसाला संविधानाचं १९वं कलम पाठ असण्याची गरज नाही. त्याला ठरावाची नक्कल काढून देणारं पोरगं हवं.

नगरच्या भुईकोट किल्ल्याकडे आपण रोज बघतो. १९४२ ते १९४५ मध्ये तिथे खटल्याविना डांबलेल्यांत मौलाना आझाद होते, आणि नेहरू, वल्लभभाई पटेल, आसफ अली असे बॅरिस्टरही होते. सुटल्यावर काही महिन्यांतच आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचावाच्या बाजूने आसफ अली उभे राहिले आणि नेहरूंनी कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा गाऊन चढवला. पहिल्या खटल्यातले आरोपी तीन होते: शाहनवाज खान, प्रेम सहगल, गुरबक्षसिंग धिल्लन. मुसलमान, हिंदू, शीख. वकील निवडताना कुणी धर्म पाहिला नव्हता, आरोपी निवडतानाही नाही. आपल्या शहराच्या किल्ल्याशी जोडलेली ही गोष्ट आपल्या पोरांना माहीत असावी.

मर्यादा आणि शिस्त

आता सावधगिरीचं. १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली फक्त सनद असलेल्याने करायची. विद्यार्थ्याने वकीलपत्रावर सही करायची नाही, कोर्टात उभं राहायचं नाही, फी घ्यायची नाही, 'केस जिंकून देतो' म्हणायचं नाही. तसं केलं तर तो गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे एका गरीब माणसाची मुदत त्यात निघून जाऊ शकते. जे कळत नाही, त्याला 'विचारून सांगतो' म्हणा. या दोन शब्दांनी कुणाचंही नुकसान झालेलं नाही.

दुसरं, शिबिरांचा मोह सोडा. फ्लेक्स, हार, प्रमुख पाहुणे, चार भाषणं, फोटो. दुसऱ्या दिवशी तिथे आलेल्या खालाजानच्या हातात काय राहतं? आलेल्या माणसाचा चेहरा, नाव, तक्रार रीलवर टाकू नका. ज्या बाईने आपल्याला घरातली गोष्ट सांगितली, तिची बदनामी आपल्या लाइक्सपेक्षा स्वस्त नाही.

मग करायचं काय? माझी सूचना साधी आहे. पाच-सहा विद्यार्थी, त्यात निम्म्या तरी मुली. जागा अशी की बायकांना येता येईल, म्हणजे शाळेचा वर्ग किंवा वाचनालय. दर रविवारी दोन तास, नेमाने, पाऊस असो की परीक्षा. एक वही: तारीख, अडचण, पाहिलेले कागद, काय सांगितलं, पुन्हा कधी यायचं. मूळ कागद कुणाचेही ठेवून घ्यायचे नाहीत, झेरॉक्स घ्यायची. कुणाच्या घरी किंवा पोलीस ठाण्यात जायचं तर दोघांनी जायचं. महिन्यातून एकदा एका अनुभवी वकिलाने ती वही तपासायची. आणि सुरुवात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन, नाव नोंदवून करायची. म्हणजे ओळखपत्र मिळेल आणि "तुम्ही कोण?" या प्रश्नाला उत्तर राहील.

घरच्या मोठ्यांनाही एक विनंती. मुलगी रविवारी त्या वर्गात बसली की तिला चार फोन येतील. त्यातले दोन तुम्हाला येतील. तेव्हा तिच्या बाजूने एवढंच म्हणा: "वो कानून पढ़ रही है, गुनाह नहीं कर रही." या जिल्ह्यात बदल घडायचा असेल तर तो या एका वाक्याने सुरू होऊ शकतो.

ज्यांना अशी बैठक सुरू करायची आहे, त्यांनी आम्हाला आपल्या तालुक्याचं नाव कळवा. वकील शोधून द्यायची जबाबदारी आम्ही घेतो. वही तुमची.